नाशिकमध्ये सायकल सुरू करताय? आधी रस्ता ठरवा, मग सायकल

नाशिकच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावा. जिन्याखाली एक तरी गिअरची सायकल धूळ खात उभी असेल. टायर बसलेले, सीटवर कबुतरांची कृपा, हँडलला कुणीतरी अडकवलेली भाजीची पिशवी. या सायकलींचे मालक आळशी होते असं नाही. बहुतेकांचा क्रम उलटा लागला. आधी महागाची सायकल घेतली, मग एखाद्या दमदार ग्रुपमध्ये शिरले, पहिल्याच रविवारी त्र्यंबक गाठलं, दोन दिवस खुर्चीत नीट बसता आलं नाही आणि प्रकरण तिथंच मिटलं.

सकाळी तास-दीड तास मजेत सायकल मारावी, रविवारी जरा लांब जाऊन यावं, एवढीच ज्यांची हौस आहे त्यांच्यासाठी हा क्रम लिहितोय. शर्यतीची तयारी करणाऱ्यांना यातलं फारसं उपयोगी पडणार नाही.

## १. नदी कुठून येते ते बघा

नाशिकचा नकाशा सायकलवाल्याच्या नजरेनं वाचायला एक गोष्ट पुरते. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, त्र्यंबकहून गंगापूर धरणात येते, तिथून शहरातून तपोवनाकडं आणि पुढं निफाडच्या बाजूला जाते. पाणी उताराकडंच जाणार. म्हणजे शहरातून पश्चिमेला, गंगापूर, गिरणारे किंवा त्र्यंबककडं निघालात की एकूण चढ आणि परतताना उतार. त्र्यंबक नाशिकपेक्षा शंभर-दीडशे मीटरनं उंच आहे. तीसेक किलोमीटरवर पसरलेला हा चढ डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना बरोबर कळतो.

नवख्यानं पश्चिमेलाच जावं. दमलात तर मागं वळा, उतार घरापर्यंत सोबत करतो. पूर्वेला निफाडच्या बाजूला याच्या उलट घडतं. जाताना वाटतं, आपण काय चालवतोय! परतताना ऊनही वर आलेलं असतं आणि चढही पुढ्यात असतो.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, उन्हाळ्यात दुपारनंतरही तसाच. म्हणजे त्र्यंबकला जाताना चढ आणि तोंडावरचा वारा दोन्ही, येताना दोन्ही पाठीशी. हिवाळ्यात सकाळी वारा असलाच तर बहुधा पूर्वेकडचा, ईशान्येकडचा. त्या दिवशी त्र्यंबकच्या वाटेवरच्या अंजनेरीपर्यंत कसं पोचलात ते कळणारही नाही आणि येताना उतारावरसुद्धा पायडल मारत बसावं लागेल. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीत जाताना लागलेल्या वेळावरून आपल्या ताकदीचा अंदाज बांधू नका.

## २. आता सायकल

पहिला महिना उसनी सायकल चालवा. भावाची, शेजाऱ्याची, पोराची, कुणाचीही. आठवड्यातून तीनदा सकाळी उठणं जमतंय की नाही, ते आधी कळू द्या.

विकत घ्यायची वेळ आली की दुकानात तीन प्रकार समोर येतील. जाड टायरची एमटीबी, बारीक टायर आणि वाकड्या हँडलची रोड बाईक आणि मधली हायब्रिड. नाशिकच्या रस्त्यांना आणि नवख्या कंबरेला हायब्रिड सगळ्यात सोयीची. टायर ३२ ते ४० मिलिमीटरच्या आसपास असले की गंगापूर रोडवर पळते आणि गावातल्या खडबडीत रस्त्यावरही दात वाजत नाहीत.

दुकानदार शॉकअपची सायकल पुढं करेल, मुलांना तर हमखास. स्वस्तातले शॉकअप वजन वाढवतात आणि चढावर तुमचा जोर खातात. पुढं-मागं दोन्हीकडं शॉकअप असलेली स्वस्त सायकल दिसली तर सरळ पुढच्या दुकानात जा. तसंच, २१ गिअर आहेत म्हणून सायकल चांगली होत नाही. गिअर अडकत न बसता पडतात का, ते चालवून बघा.

फ्रेमचा साईझ रंगाआधी बघा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दांड्यावर उभे राहा. दांडा आणि तुमच्यामध्ये दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. 'थोडी मोठी आहे, सवय होईल' हे वाक्य ऐकलं की समजा, दुकानात तुमच्या मापाची शिल्लक नाही.

जुनी घेणार असाल तर एवढं तपासा:

- मूळ बिल आणि त्यावरचा फ्रेम नंबर. हा नंबर बहुधा पायडलच्या आसाखाली, फ्रेमच्या पोटावर ठोकलेला असतो. सायकल उलटी करून जुळवून घ्या.
- फ्रेमच्या जोडांपाशी रंगाला बारीक तडे. रंग उडालेला चालेल, तडा चालणार नाही.
- चाक उचलून फिरवा. ब्रेकपाशी रिम डावी-उजवीकडं हलताना दिसली तर चाकाला आउट आहे. कारागीर आउट काढून देतो, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.
- चेन गंजलेली असेल तर चेनसोबत मागचे दातेही झिजले असण्याची शक्यता धरा.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जी रस्त्यात अडवते. ट्यूबचा वॉल्व्ह कुठला आहे ते घेतानाच विचारा. मोटारसायकलसारखा जाड वॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. बारीक, टोकाला छोटी चकती फिरवायची असते तसला प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर एक छोटं पितळी अ‍ॅडॉप्टर कायम खिशात ठेवा. किंमत अगदी किरकोळ, पण नसलं तर गिरणाऱ्यात कुणीही हवा भरून देऊ शकणार नाही.

## ३. सीटची उंची

गुडघेदुखीची बहुतेक प्रकरणं इथं सुरू होतात. दोन्ही तळपाय जमिनीला टेकावेत म्हणून लोक सीट खाली ठेवतात. मग गुडघा प्रत्येक फेऱ्याला पोटाकडं येतो आणि महिन्याभरात बोलायला लागतो.

भिंतीला धरून सीटवर बसा. पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलात की गुडघ्यात हलका बाक येतो, तेवढाच हवा. या उंचीवर थांबताना सीटवर बसून पाय नीट टेकत नाहीत, सीटवरून पुढं उतरावं लागतं. चार-आठ दिवस विचित्र वाटतं, मग कळतही नाही.

बूड दुखणं पहिले दोन-तीन आठवडे होणारच. त्यासाठी जाड जेलचं सीट कव्हर घेऊ नका, ते घासतं. पॅडेड शॉर्ट्स घ्या आणि त्याच्या आत दुसरं काही घालू नका.

## ४. सोबत काय लागतं

कागदपत्रांची बाजू सोपी आहे. साध्या सायकलला लायसन्स नाही, नोंदणी नाही, सक्तीचा विमा नाही. इलेक्ट्रिक सायकल घेत असाल तर मोटर २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असल्याची खात्री करा. त्यापुढची गाडी नोंदणीत येते. बिलाचा फोटो आणि फ्रेम नंबरचा फोटो फोनमध्ये ठेवा. सायकल चोरीला गेली तर पोलिसांत तक्रार देताना नंबर नसेल तर 'काळी, गिअरची' एवढंच सांगता येतं.

खिशात, पिशवीत:

- ओळखपत्राची प्रत. मागच्या बाजूला रक्तगट आणि घरचा नंबर हातानं लिहा. फोन लॉक असला की कुणाला काही कळत नाही.
- हेल्मेट. कायदा मागत नाही, डोकं मागतं.
- मागचा लाल लुकलुकणारा दिवा आणि पुढचा पांढरा. पहाटे साडेपाचला निघणार असाल तर दिवे हेल्मेटइतकेच गरजेचे.
- एक जास्तीची ट्यूब, टायर उचकटायचे प्लास्टिकचे दोन टायर लिव्हर, छोटा पंप, अ‍ॅलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) संच.
- पाणी, आणि थोडी रोख रक्कम. टपरीवर नेट गेलं की यूपीआयही गेलं.

११२ आणि १०८ हे नंबर माहीत असतातच. पण आपण नेमके कुठं आहोत ते सांगता यायला हवं. जाताना गावांच्या पाट्या वाचत जायची सवय लावा. बीपी, शुगर किंवा छातीचा काही त्रास असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

## ५. रस्ते, याच क्रमानं

पहिले दोन-तीन आठवडे: सोमेश्वर. जेहान सर्कलहून गंगापूर रोडनं आनंदवल्ली आणि पुढं सोमेश्वर. शहराच्या मध्यापासून ८-९ किलोमीटर. देवळाच्या आवारात झाडं आहेत, पाणी मिळतं, पुढं धबधबा आहे. सकाळी सातच्या आत जाऊन या. त्यानंतर शाळेच्या बस आणि व्हॅन सुरू होतात आणि प्रत्येक वळणावर ब्रेक लावत बसावं लागतं. इथं गिअर शिका. चढ आल्यावर जोर लावत गिअर बदलला तर चेन करकरते, कधी निघते. चढाच्या आधीच, पायावरचा जोर किंचित कमी करून, हलका गिअर टाकायचा. पाय भराभर फिरले पाहिजेत, दाबून नाही.

मग गंगापूर धरण. सोमेश्वरच्या पुढं गंगापूर गाव, मग धरण. रस्ता लाटांसारखा वरखाली होतो, म्हणून गिअरचा खरा सराव इथं होतो. डावी-उजवीकडं द्राक्षबागा आणि वायनरी आहेत. शनिवारी-रविवारी उशिरा इकडं मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते, त्यामुळे आठच्या आत परतीला लागा.

गिरणारे. त्याच रस्त्यानं आणखी पुढं. हंगामात टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या पिकअप सुसाट येतात. वळणावर रस्त्याच्या मधोमध राहू नका. गावातली कुत्री हा इथला दुसरा विषय. कुत्रं मागं लागलं की पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि सावकाश चालत त्याच्या हद्दीबाहेर जा. बहुतेक कुत्र्यांना चाक फिरायचं थांबलं की रस उरत नाही.

अंजनेरी आणि त्र्यंबक. त्र्यंबक रोडनं सातपूर ओलांडलं की बेळगाव ढगा, महिरावणी, मग अंजनेरी. अंजनेरीपर्यंत साधारण २० किलोमीटर, त्र्यंबक २८-३०. अंजनेरीच्या फाट्यावर थांबून स्वतःला विचारा: इथून परत जायचं असेल तर आरामात जाईन का? उत्तर 'हो' असेल तरच पुढं. सातपूरच्या पट्ट्यात कारखान्यांच्या शिफ्ट सुटण्याच्या वेळा टाळा.

तारखाही बघा. श्रावणी सोमवारी, विशेषतः ब्रह्मगिरीच्या फेरीच्या तिसऱ्या सोमवारी आणि त्याच्या आदल्या रात्रीपासून, हा रस्ता पायी चालणाऱ्यांचा असतो. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात, तेव्हाही. त्या दिवसांत दुसरीकडं जा. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामंही निघतात. काल गुळगुळीत असलेल्या रस्त्यावर आज खडी पसरलेली असू शकते, म्हणून अंधारात वेग नको.

देवळाली कॅम्प आणि भगूर. दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांसाठी हे बरं. कॅम्पातले रस्ते सावलीचे आणि शांत आहेत, भगूरमध्ये सावरकरांचं जन्मस्थान आहे. लष्करी हद्दीत फोटो काढायचा मोह आवरा. पाटी वाचा, पहारेकऱ्यानं थांबवलं तर थांबा, हुज्जत नको.

नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं पक्षी अभयारण्य, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० पासून. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ऐंशी. तीन-चार महिने नियमित चालवल्याशिवाय नको. हिवाळ्यात पक्षी असतात आणि नेमका त्याच काळात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचाही हंगाम असतो. ट्रॉलीला मागं दिवा असेलच असं नाही, आणि दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्या तर ओलांडायला वाटतं त्यापेक्षा बराच रस्ता लागतो.

नवख्यांनी कुठं जायचंच नाही तेही सांगतो. शहरातल्या हायवेच्या उड्डाणपुलावर चढू नका. पांडवलेणीला जायचं तर खालच्या सर्व्हिस रोडनं जा. कसारा घाट पहिल्या वर्षी विसरा. समृद्धी महामार्गावर मोटारसायकललाही बंदी आहे, तिथं सायकल नेण्याचा विचारसुद्धा नको. आणि पावसाळ्यातल्या रविवारी पहिने-घोटीचा रस्ता धबधबे बघायला आलेल्या गाड्यांना सोडून द्या. तोच रस्ता मंगळवारी सकाळी स्वर्ग असतो.

## ६. पंक्चर: घरी एकदा काढून बघा

नाशिकच्या आसपास बांधाबांधावर बाभळी आहेत, त्यामुळे पंक्चर काट्यानंच होणार असं धरून चाला. हा सराव रस्त्यात पहिल्यांदा करायचा नाही. एका दुपारी गॅलरीत बसून करा.

मागचं चाक असेल तर आधी मागच्या सगळ्यात छोट्या दातेरी चकतीवर चेन आणा, चाक काढणं-बसवणं सोपं जातं. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारे) असतील तर ब्रेक मोकळा करा. डिस्क ब्रेक असतील तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर अजिबात दाबू नका. उरलीसुरली हवा सोडा, टायर दोन्ही बाजूंनी दाबून रिमपासून सोडवा. वॉल्व्हपासून लांबच्या जागी लिव्हर घालून टायरची एक कड बाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या.

आता थांबा. नवी ट्यूब घालायची घाई इथंच नडते. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून गालाजवळ फिरवा, भोक कुठं आहे ते कळेल. ती जागा टायरशी जुळवा. मग टायरच्या आतून सावकाश, कापड गुंडाळलेलं बोट फिरवा. बाभळीचा काटा बाहेरून मोडून गेलेला असतो, आत मात्र त्याचं टोक नखाएवढंही नाही इतकं वर आलेलं असतं. कापड तिथं अडकतं. ते टोक बाहेर ढकलून काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर पुढच्या किलोमीटरवर पुन्हा फुस्स.

नव्या ट्यूबमध्ये दोन-तीन पंप हवा भरा, नुसती गोल व्हावी एवढीच. आधी वॉल्व्ह छिद्रातून घाला, मग ट्यूब, मग टायरची कड अंगठ्यांनी. शेवट वॉल्व्हपाशी आला पाहिजे. शेवटची दोन वीत कड घट्ट वाटेल. तिथं लिव्हर वापरला तर ट्यूब चिमटण्याची शक्यता असते, म्हणून अंगठेच वापरा. वॉल्व्ह एकदा आत ढकलून पाहा, म्हणजे त्याखाली ट्यूब अडकली नाही याची खात्री होते. मग पूर्ण हवा. किती, ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. हायब्रिडला साधारण ५० ते ७० पीएसआय.

जुनी ट्यूब फेकू नका. गल्लीतला पंक्चरवाला ठिगळ लावून देईल, तीच पुढची जास्तीची ट्यूब.

## ७. खाणंपिणं

तासाभराच्या फेरीला पाणी आणि निघताना एखादं केळं पुरतं. दीड तासाच्या पुढं गेलात तर दर अर्ध्या तासानं थोडं काहीतरी तोंडात टाका: खजूर, राजगिऱ्याची चिक्की, शेंगदाण्याची चिक्की. पाण्यात लिंबू, मीठ आणि साखर घातली की झालं. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो.

राहिली मिसळ. नाशकात सायकल आणि मिसळ यांची ताटातूट करता येणार नाही, आणि मखमलाबाद आणि गंगापूर गावाच्या बाजूला झाडाखाली बसून मिसळ खायच्या जागा आहेत, त्या सकाळी तशाही सायकलींनी भरतात. अट एकच: मिसळ परतीच्या शेवटच्या पाच-सात किलोमीटरवर. तर्री, पापड, दही, वर जिलबी, आणि मग समोर चढ, हा कार्यक्रम एकदा केलेला माणूस दुसऱ्यांदा करत नाही. खाल्लेलं आणि जाळलेलं यांचा हिशेब रविवारी मांडू नये, असं माझं मत आहे.

## ८. ग्रुप: दहापेक्षा जास्त नको

शहरात मोठे सायकल ग्रुप आहेत, त्यांचे कार्यक्रम असतात. पहिल्या महिन्यात मात्र आपलाच छोटा ग्रुप जमवा. हे कसं करायचं ते मला सगळ्यात चांगलं समजलं ते एका व्हिडिओ गेममधून, आणि हसू नका.

'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' हा २०२० सालचा गेम माझी भाची खेळते आणि तिच्या नादानं मीही. तुमचं एक बेट असतं, त्यावर प्राणी राहायला येतात. जास्तीत जास्त दहा रहिवासी. स्वभावाचे आठ प्रकार: आळशी, व्यायामवेडा, खडूस, ऐटबाज वगैरे. सुरुवातीला बेटावर दोनच असतात आणि ते दोघं कुठल्या स्वभावाचे असणार हे ठरलेलं असतं. एक व्यायामवेडा, दुसरी मोठ्या ताईसारखी, सगळ्यांची काळजी घेणारी. सायकलचा ग्रुपही याच दोघांपासून सुरू करा. एक जण असा हवा जो पाच वाजता फोन करून उठवतो, आणि एक जण असा जो शेवटच्या माणसासोबत मागं राहतो. बाकीचे आपोआप येतात.

आळशी आणि व्यायामवेडा यांचं त्या बेटावरही फार पटत नाही. ग्रुपमध्ये या दोघांची गाठ पडणारच. वेगवान मंडळींना पुढं सोडा, पण भेटायची ठिकाणं आधी ठरवा: सोमेश्वर, मग गंगापूर फाटा. पुढच्यानं तिथं थांबायचं, शेवटचा येऊन पाणी पिईपर्यंत. तो पोचला आणि लगेच 'चला' म्हटलं, तर ज्याला विश्रांती हवी त्याला मिळत नाही आणि ज्याला नको तो मात्र दहा मिनिटं बसलेला असतो.

बेटावरच्या रहिवाशाशी रोज चार शब्द बोलावे लागतात, अधूनमधून भेट द्यावी लागते, कागदात गुंडाळलेलं एखादं फळही चालतं. कुणाला बेट सोडून जायचं असेल तर तो डोक्यावर विचाराचा फुगा घेऊन फिरतो. जाऊन विचारायचं, आणि थांब म्हणायचं की जा, ते आपण ठरवायचं. आपल्या ग्रुपमध्ये फुगा दिसत नाही, पण खुणा असतात. माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा टाकायला लागतो, 'बघतो' म्हणतो, मग दोन रविवार गायब. तेव्हा ग्रुपवर टोमणा न मारता एकट्याला फोन करा. बहुधा कारण छोटं असतं: सीट टोचतेय, मागं पडायची लाज वाटतेय, घरी सकाळचा डबा आहे.

आणि एखाद्याचं पटत नाही म्हणून ॲडमिनकडं तक्रार करून उपयोग नसतो. बेटावरही कचेरीतल्या इझाबेल या मदतनीस पात्राकडं तक्रार केली तर रहिवाशाचे कपडे किंवा त्याचं पालुपद बदलतं, तो काही बेट सोडत नाही.

रस्त्यावरचे नियम थोडकेच. एकामागं एक चालवा, गप्पा थांब्यावर. खड्डा दिसला की हात खाली करून मागच्याला दाखवा. कानात काही घालू नका. स्ट्राव्हा या फेऱ्या नोंदवायच्या अ‍ॅपवर फेरी टाकत असाल तर सेटिंगमध्ये घराभोवतीचा भाग लपवा, नाहीतर सायकल कुठल्या इमारतीत उभी असते ते सगळ्या जगाला कळतं.

## ९. ऋतू आणि निगा

उन्हाळ्यात साडेआठपर्यंत घरी. हिवाळ्यात निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की हातमोजे घाला. बोटं बधिर झाली तर ब्रेक उशिरा लागतो. पावसाळ्यात पहिल्या सरीनंतरचा रस्ता सगळ्यात निसरडा, त्यावर तेल आणि धूळ तरंगत असते. रिम ब्रेक ओले झाले की नेहमीपेक्षा लांब जाऊन थांबतात, म्हणून उतारावर आधीपासून हलके हलके दाबत या. त्र्यंबक आणि इगतपुरीच्या बाजूला पाऊस शहरापेक्षा कितीतरी जास्त. कॉलेज रोडवर ऊन आहे म्हणून पुढंही असेल असं नाही.

निगा म्हणजे मुख्यतः चेन. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसा, चेनचं तेल प्रत्येक कडीवर थेंबभर सोडा, पायडल उलटे फिरवा आणि वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. जास्त तेल धूळ ओढतं. खोबरेल तेल, गाडीचं जळकं ऑईल, डिझेल, यातलं काही लावू नका. पावसातून आलात तर त्याच दिवशी पुसा, दुसऱ्या दिवशी गंजाची छटा दिसते. निघण्याआधी हवा, दोन्ही ब्रेक आणि चाकाचे नट बघा. अर्ध्या मिनिटाचं काम.

## १०. पुढं जायचं असेल तर

सहा-आठ महिने झाले, त्र्यंबक सहज होतंय, तर दोन वाटा आहेत. एक, नाशिकहून निघणारी पंढरपूरची सायकलवारी. ती आषाढीच्या आधी असते, सामान वाहनात जातं, सोबत मोठी. दुसरी, बीआरएम. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी चालणाऱ्या या लांब पल्ल्याच्या फेऱ्या. स्पर्धा नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, फक्त मुदत. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. चारही एकाच हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबरमध्ये केलेल्याला 'सुपर रॅंदोनर' म्हणतात. नोंदणी करताना नियम नीट वाचा. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जाकीट नसेल तर सुरुवातीलाच अडवतात. मिळणाऱ्या कार्डावर ठरलेल्या ठिकाणी नोंद करून घ्यावी लागते. ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, घामानं भिजलेलं कार्ड वाचता येत नाही.

याच शहरातले डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण करून आले, आणि ती पूर्ण करणारा हा पहिला भारतीय संघ ठरला. तेव्हापासून नाशकात प्रत्येक दुसरा माणूस नवख्याला 'मग बीआरएम कधी?' विचारतो. विचारू द्या. २०० ची नोंदणी करण्याआधी एकदा शंभर किलोमीटर एकट्यानं करून बघा, नाशिक-त्र्यंबक दोनदा नाही, सलग वेगळ्या रस्त्यानं. नव्वदाव्या किलोमीटरवर पंक्चर काढता आलं आणि चिडचिड न होता घरी पोचलात, तर अर्ज भरायला हरकत नाही.